लिबर्टी ॲव्हेन्यूवरची खरेदी: रिचमंड हिलला नव्याने आलेल्यांसाठी

रिचमंड हिलला राहायला आलेल्या मराठी माणसाचा पहिला गोंधळ ठरलेला. पाट्यांवर सिंग, परसाद, काचेत साड्या, आणि गल्ल्यावरच्या बाईंना हिंदीचं अक्षर कळत नाही! हा न्यूयॉर्कच्या क्वीन्समधला गयानीज आणि त्रिनिदादी लोकांचा, म्हणजे वेस्ट इंडीजकडून आलेल्यांचा भाग आहे. १८३८ ते १९१७ या काळात भारतातून करारावर तिकडच्या ऊसमळ्यांत नेलेल्या मजुरांचे हे वंशज. बहुतेकांचं मूळ उत्तर प्रदेश-बिहारकडचं, काहींचं मद्रासकडचं. तेव्हा ‘इंडियात कुठले?’ असं विचारू नका. ‘गयानात कुठले?’ विचारा, गप्पा सुरू होतात. वयस्क बाईंना आंटी म्हटलेलं चालतं.

मॅनहॅटनहून ‘ए’ गाडीने येताना लेफर्ट्स बुलेव्हार्डची पाटी बघूनच चढा, नाहीतर रॉकअवेच्या समुद्राकडे पोचाल. शेवटच्या स्टेशनवर उतरून लिबर्टी ॲव्हेन्यूने पूर्वेकडे चालत सुटा.

भाजीच्या दुकानात वेळ काढा. ‘बोरा’ म्हणजे चवळीच्या लांब शेंगा, ‘सैजन’ म्हणजे शेवगा, ‘कराइला’ म्हणजे कारलं. ‘एडो’ घेतलात तर अळकुड्यांची भाजी होते. ‘डशीन’ची पानं दिसली की सोडू नका, ते आपलं अळूच, वड्या करताना चिंच मात्र सढळ घाला, खाजतं. चेरीसारखी गोल, लाल ‘विरी विरी’ मिरची फळ समजून तोंडात टाकू नका. डाळ म्हणाल तर इथे राज्य पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचं. तूरडाळ, पोहे आणि आपले मसाले हवे असतील तर सरळ जॅक्सन हाइट्सला ७४व्या रस्त्यावर जा. इथे ते शोधण्यात दिवस घालवू नका.

आता खाणं. सिंग्ज रोटी शॉप त्रिनिदादी, १३२व्या रस्त्याच्या कोपऱ्यावरची सिबिल्स बेकरी गयानीज. दोन्हीकडे रांग लागते. डालपुरी ही डाळीच्या सारणाची पातळ पोळी, पुरणपोळीची तिखटमिठाची बहीणच म्हणा. ‘बस-अप-शट’ मध्ये पराठा तव्यावरच लाकडी पट्ट्यांनी झोडून त्याचे तुकडे करतात. माझ्या मते रस्सा त्यालाच सर्वांत छान लागतो. ‘डबल्स’ म्हणजे ‘बारा’ नावाच्या दोन मऊ, तळलेल्या पुऱ्यांत छोले. तिखट किती, असं विचारतील. पहिल्यांदा ‘स्लाइट’ म्हणा, कोल्हापूरकरांनीसुद्धा. शाकाहाऱ्यांनी भोपळा, चना, आलू, बैगन मागावं. मात्र ‘भाजी’ म्हणजे पालेभाजी, आणि तिच्यात कधीकधी कोळंबी असते, तेव्हा आधी विचारा. बकऱ्याच्या करीत हाडं असणारच, ती तक्रारीची गोष्ट नव्हे.

पूजेच्या दुकानांत कापूर, धूप, मूर्ती मिळतात. बांबूला लावायचे रंगीत झेंडेही असतात. पूजा झाली की ते अंगणात उभे करतात, म्हणून इथल्या घरांपुढे ते दिसतात. सोनाराकडे कॅरेट विचारल्याशिवाय भाव ऐकू नका, अमेरिकेत १० आणि १४ कॅरेटचे दागिने सर्रास विकतात. दुकानांबाहेरची मोठी पिंपं गयाना-त्रिनिदादच्या नातेवाइकांना सामान भरून बोटीने पाठवण्यासाठी असतात. मुंबईचं विचारून उपयोग नाही.

नाताळासाठी ब्लॅक केक हवा असेल तर आधीच सांगून ठेवा. त्यातली फळं रममध्ये मुरवलेली असतात, मुलांच्या डब्यात देऊ नका.