एसडी कार्डचा क्लॉक: ड्रायव्हर लिहिताना या चुका टाळा

कार्ड ओळखलं जातं, छोट्या फाइली वाचल्या जातात, पण मोठी फाइल कॉपी करायला घेतली की लॉगमध्ये -८४ चा पाऊस. -८४ म्हणजे सीआरसी, डेटा नीट आला का हे तपासणारा आकडा, चुकला. अशा वेळी आपण आधी कार्डाला नावं ठेवतो. मीही तीन कार्डं बदलली, दोन दिवस घालवले. चूक माझ्याच भागाकारात होती.

लिनक्सचा एमएमसी कोअर, म्हणजे कर्नलमधला कार्डं सांभाळणारा भाग, ड्रायव्हरकडे ठरावीक क्लॉक मागतो, पण हार्डवेअरला हवा तो आकडा देता येत नाही. एसडीएचसीआय ३.० या प्रमाणानुसार बनलेल्या कंट्रोलरच्या साध्या डिव्हायडरला (क्लॉक भागून कमी करणाऱ्या भागाला) १ किंवा २०४६ पर्यंतची सम संख्याच चालते. माझा पॅरेंट क्लॉक, म्हणजे ज्याला भागायचं तो मूळ क्लॉक, होता १५० मेगाहर्ट्झ आणि हाय स्पीडसाठी हवे होते ५०. भागाकार ३, तो चालत नाही. मी खाली राउंड करून २ घेतला आणि कार्डाला थेट ७५ मेगाहर्ट्झ दिले! ४ घेतला असता तर ३७.५ मिळाले असते. हळू, पण सुरक्षित. डिव्हायडर राउंड करायचा तो कायम वरच.

दुसरी चूक सुरुवातीलाच नडते. कार्डाची ओळख पटेपर्यंत क्लॉक ४०० किलोहर्ट्झच्या वर जायला नको. जुन्या कंट्रोलरचा डिव्हायडर २५६ ला संपतो. पॅरेंट २०० मेगाहर्ट्झ असेल तर ७८१ किलोहर्ट्झच्या खाली उतरताच येत नाही. तरी लोक एफ_मिनमध्ये, म्हणजे कमीत कमी क्लॉक किती हे सांगायच्या जागी, बिनधास्त ४००००० लिहून मोकळे होतात. काही कार्डं हे चालवून घेतात, काही -११० देऊन गप्प बसतात, म्हणजे टाइमआउट. शक्य असेल तर पॅरेंटच कमी करा.

क्लॉक शून्यही मागितला जातो, पॉवर बंद करताना. तो न तपासता भागायला गेलात तर कर्नलच आडवा. आणि चालू क्लॉकवर डिव्हायडर बदलू नका: आधी कार्डाचा क्लॉक बंद, मग नवा डिव्हायडर, इंटर्नल क्लॉक स्थिर झाल्याचा बिट येईपर्यंत थांबा, मगच कार्डाकडे सोडा.

बोर्डावर १.८ व्होल्टची सोय नसताना डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर काय आहे हे कर्नलला सांगणाऱ्या फाइलीत) एसडीआर१०४ हा १.८ व्होल्टवरच चालणारा वेगवान मोड लिहिणारेही भेटतात. त्यांना काय सांगणार?

तपासायला डीबगएफएसमध्ये, म्हणजे कर्नलची आतली माहिती दाखवणाऱ्या फाइलींमध्ये, एमएमसी० खालची आयओएस फाइल उघडा. तिथे मागितलेला क्लॉक असतो, आणि ड्रायव्हरने भरला असेल तर प्रत्यक्षातलाही. शेजारच्या क्लॉक फाइलमध्ये २५०००००० लिहून पाहा. एरर थांबले तर वेग किंवा बोर्डावरचं वायरिंग संशयित. पण तो ‘प्रत्यक्ष’ आकडाही ड्रायव्हरनेच हिशोब करून भरलेला असतो. पॅरेंटचा वेगच चुकीचा धरला असेल तर तोही खोटा. माझ्याकडे शेवटी क्लॉकच्या पिनवर ऑसिलोस्कोपचा प्रोब लावला तेव्हाच ते ७५ दिसले.