भूत हळू चालतं: ऑक्टोबरच्या रिसायटलसाठी मुलांना पियानोवर काय द्यावं

गणपती झाले की ठाण्यातल्या माझ्या पियानो क्लासमध्ये एकच विचारणा सुरू होते: "मॅम, या वेळी भुताचं वाजवायचं ना?" घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये हल्ली 31 ऑक्टोबरला मुलं चेटकिणीच्या टोप्या घालून मजले पालथे घालतात. त्याच सुमाराला आमचं छोटं रिसायटल, म्हणजे मुलांच्या वादनाचा कार्यक्रम, असतो. विषय मुलांच्या मनातला, त्यामुळे एरवी रियाजाला टाळाटाळ करणारं मूलही आपणहून पियानोपाशी बसतं. ही संधी वाया जाऊ नये म्हणून रचना नीट निवडायला हवी.

बहुतेक वेळा आपण नावावर जातो. पानाच्या कोपऱ्यात वटवाघूळ काढलेलं असतं, वर 'झपाटलेला वाडा' असं काहीतरी शीर्षक असतं, आणि वाजवून बघावं तर सी मेजर या हसऱ्या स्वरमेळातलं उड्या मारणारं गाणं निघतं. दुसरी चूक याहून मोठी: भीतीदायक म्हणजे जोरात आणि वेगात, असं धरून आपण मुलाला न झेपणारी रचना देतो. भीती मंद आवाजात असते. आणि हळू, तरीही प्रत्येक सूर उमटेल असं वाजवणं हे लहान बोटांना सर्वांत अवघड जातं. म्हणून मूल सध्या जे शिकतंय त्यापेक्षा एक पायरी सोपी रचना घ्या. वाचलेली मेहनत आवाजावर खर्च होऊ दे.

आधी मुलाला विचारा

"तुझं भूत काय करतं?" हा माझा पहिला प्रश्न असतो. उत्तरं फार छान येतात. कुणाचा मुंजा पिंपळावर नुसता बसून असतो, कुणाची हडळ मागून चालत येते. गेल्या काही वर्षांतलं माझ्या आवडीचं उत्तर आठ वर्षांच्या एका मुलीचं. गणपतीला ती कोकणातल्या गावी गेली होती आणि आजीने तिला चकव्याची गोष्ट सांगितली होती. "तो दिसत नाही मॅम. आपण चालत राहतो आणि परत त्याच झाडापाशी येतो." हे सांगताना ती टेबलावर बोटाने गोल गोल फिरवत होती.

तिला मी ग्रीग या नॉर्वेच्या संगीतकाराचं 'पर्वतराजाच्या दरबारात' दिलं. इब्सेनच्या 'पेर गिंट' या नाटकासाठी लिहिलेलं हे संगीत 1876 साली पहिल्यांदा रंगमंचावर वाजलं. त्यात एकच छोटी चाल पुन्हा पुन्हा येते, दर वेळी थोडी जलद, थोडी मोठ्याने. म्हणजे चकवाच. मुलाला पाठ करायचं असतं थोडंसं, पण ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. याच्या सोप्या आवृत्त्या सहज मिळतात. अडचण एकच: मुलं पहिल्याच ओळीला धावतात आणि शेवटाला वेग वाढवायला जागाच उरत नाही. म्हणून शेवटापासून सुरुवात करा. मूल शेवटची ओळ न अडखळता ज्या वेगाने वाजवू शकतं तो वेग मेट्रोनोमवर, म्हणजे ठरावीक वेगाने ठोके देणाऱ्या यंत्रावर बघा, समजा मिनिटाला 112 ठोके. मग पहिली ओळ साधारण 60 ला बसवा. हा आकडा पेन्सिलीने पानावर लिहून ठेवा.

मग वाद्य बघा

ही पायरी बरेच जण विसरतात. आपल्याकडे बहुतेक मुलांच्या घरी 61 पट्ट्यांचा कीबोर्ड असतो, पियानोला 88 असतात. भुताच्या रचना हमखास खाली, खर्जात उतरतात आणि नेमक्या त्याच पट्ट्या घरी नसतात. एका वर्षी आमच्या एका मुलाने महिनाभर सगळं एक सप्तक वर वाजवून बसवलं, आणि कार्यक्रमात मोठ्या पियानोसमोर त्याचा हात भलत्याच जागी गेला. तेव्हापासून मी रचना देण्याआधी तिचा सर्वांत खालचा सूर शोधते आणि तो घरच्या कीबोर्डवर आहे का ते पालकांना बघायला सांगते. पेडलचंही, म्हणजे पायाने दाबून सूर लांबवण्याच्या पट्टीचंही, तसंच. घरी पेडल नसेल तर पेडलवर उभी असलेली रचना देऊ नका.

खरा पियानो मिळणार असेल तर मात्र मुलांना एक गोष्ट जरूर दाखवा. डाव्या हाताने खालचा सी इतक्या हळू दाबायचा की आवाज येऊ नये, आणि दाबूनच ठेवायचा. मग उजव्या हाताने त्याच्या वरच्या सप्तकातला सी टचकन वाजवून लगेच सोडायचा. हात वर आला तरी सूर आतून येत राहतो, लांबून, कुणीतरी ओ दिल्यासारखा. दाबलेल्या पट्टीमुळे खालच्या तारेवरचा डॅम्पर, म्हणजे तारेला गप्प ठेवणारी गादी, उठलेला असतो आणि वरच्या सुराने ती तार आपोआप थरथरते. मुलं पियानोच्या पोटाला कान लावून बसतात. तुकड्याच्या शेवटी हा एक सूर जोडला की सगळं सभागृह गप्प होतं.

रचना कुठे शोधाल

शुमानचा 'मुलांसाठीचा अल्बम' हा माझा पहिला खजिना. 1848 साली त्याने आपल्या थोरल्या लेकीच्या, मारीच्या सातव्या वाढदिवसासाठी काही तुकडे लिहिले, त्यातून 43 रचनांचं पुस्तक झालं. त्यातला 'रानदांडगा घोडेस्वार' नावाने भुताचा नाही, पण ए मायनर या काळोख्या स्वरमेळात आहे आणि मधेच चाल डाव्या हातात जाते. दोन-तीन वर्षं शिकलेल्या मुलाला हा द्या आणि "रात्र आहे, मागे कोण आहे बघू नकोस" एवढंच सांगा. ज्यांच्या घरात गाणं आहे त्यांना सांगते, मायनरच्या हार्मोनिक मायनर या प्रकाराचे सूर म्हणजे आपल्या कीरवाणी रागाचेच सूर. आजोबा पेटीवर कीरवाणी आळवत असतील तर नातवाला तिथे बसवा, कान लवकर तयार होतो.

त्याहून थोड्या मोठ्यांना बुर्गम्युलरच्या ओपस 100 या संग्रहातलं 15 वं, 'बॅलाड'. डावा हात खाली कुजबुजतो आणि उजवा हात वर अगदी हलके ठोके देत राहतो. उजव्या हाताचा आवाज मोठा झाला की गंमत गेली. त्यामुळे आठवडाभर नुसता उजवा हातच करून घ्या.

चायकोव्हस्कीनेही 1878 साली असाच 24 रचनांचा अल्बम लिहिला. त्यात रशियन लोककथेतली बाबा यागा ही चेटकीण आहे, पण तिचा वेग लहानांना झेपत नाही. 'बाहुलीची अंत्ययात्रा' सोपी आहे, संथ आहे आणि सुंदर आहे. तरी ती देण्याआधी घरी विचारा. ज्या घरात नुकतंच कुणी गेलंय तिथे ही देऊ नये, आणि दिवाळीच्या तोंडावर हे शीर्षक एखाद्या आजीला खटकलं तर तिचं म्हणणं ऐकावं. दुसरी रचना मिळते.

अगदी नवख्यांचं काय? त्यांच्यासाठी सँ-साँसच्या 1874 च्या 'मृत्यूचं नृत्य'ची सुरुवात घ्या. मूळ रचनेत मध्यरात्रीचे बारा ठोके हार्पवर पडतात, सगळे एकाच डी सुरावर. सहा वर्षांचं मूल ते बारा ठोके वाजवू शकतं, पुढचं शिक्षकाने वाजवायचं. मग येते व्हायोलिन, मुद्दाम बिघडवून लावलेली: तिची सर्वांत वरची तार अर्ध्या सुराने उतरवलेली असते. त्यामुळे शेजारच्या तारेशी तिचं नातं सा आणि तीव्र मध्यमाचं होतं. पियानोवर ए आणि वरचा ई फ्लॅट (ईच्या डावीकडची काळी पट्टी) एकदम दाबून दाखवा. मूल लगेच तोंड वाकडं करतं. बारा ठोके सारख्याच आवाजात पडणं हाच त्या चिमुकल्याचा रियाज. बाहेर कुकरच्या शिट्ट्या मोजतो तसे मनात मोजायचे.

पानगळ नको, शरद घ्या

युरोप-अमेरिकेतल्या पुस्तकांत शरद ऋतू म्हणजे लाल-पिवळी पानं. आमच्या ठाण्याच्या येऊरच्या जंगलात ऑक्टोबरमध्ये सगळं हिरवंगार असतं. आपली पानगळ शिशिरात, फेब्रुवारी-मार्चला. न बघितलेल्या पानांबद्दल मुलाला 'भाव आण' म्हणून काय होणार? त्याने बघितलेला शरद वेगळा आहे: दुपारचा ऑक्टोबरचा चटका, कोजागिरीचा चंद्र, आणि मुरबाड-शहापूरकडे जाताना दिसणारी भातकापणी. मग कापणीचंच वाजवू या. शुमानच्या त्याच अल्बममध्ये 'कापणी करणाऱ्याचं गाणं' आहे, सी मेजर, झोक्याच्या 6/8 तालात, पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांनाही जमणारं. विवाल्डीच्या 1725 मध्ये छापल्या गेलेल्या 'शरद'ची पहिली चालही पीक घरी आल्यावर नाचणाऱ्या शेतकऱ्यांची आहे, सोप्या आवृत्तीत ती फार गोड वाजते. उदास, संथ शरद हवाच असेल तर चायकोव्हस्कीचं 'ऑक्टोबर' आहे, पण ते सात-आठ वर्षं शिकलेल्यांसाठी. घाईने देऊ नका.

कार्यक्रमात ही कापणीची गाणी भुतांच्या मधे मधे पेरा. सलग पाच मायनर तुकडे झाले की सहाव्याचं काही वाटत नाही.

तारीख आणि खोली

गणपतीत आठ-दहा दिवस जातात, ऑक्टोबरात सहामाही परीक्षा. हे धरून आठ आठवडे हाताशी ठेवा. नवरात्रात संध्याकाळी कार्यक्रम ठेवू नका, बाहेरच्या गरब्याच्या स्पीकरपुढे मंद सूर ऐकूच येत नाहीत. फटाके सुरू झाल्यावरही तेच. मी कोजागिरी आणि दिवाळी यांच्यामधला शनिवार धरते, तोही सकाळचा.

क्लबहाउस ठरलं की एकदा जाऊन पंखे लावून बघा. पंख्याच्या घरघरीत मुलाचा सर्वांत हळू सूर शेवटच्या रांगेत पोचतो का, स्वतः तिथे बसून ऐका. दिवे पूर्ण बंद करू नका. वातावरण येतं, पण मुलाला पट्ट्या दिसत नाहीत. मी मागचे दिवे घालवते आणि पट्ट्यांवर एक छोटा टेबललॅम्प ठेवते. सराव करतानाही शेवटचे दोन आठवडे घरी तसाच दिवा लावायला सांगते.

त्या चकव्याच्या मुलीने वाजवलं तेव्हा तिची आजी पहिल्या रांगेत होती. चाल चौथ्यांदा परत आली तेव्हा आजीने शेजारणीचा हात धरला आणि म्हणाली, "आलं बघ परत तेच झाड."