जर्मनीत मास्टर्सला जाताना: कागदांपासून पहिल्या परीक्षेपर्यंत

ऑक्टोबरचं विंटर सेमिस्टर गाठायचं असेल तर आदल्या वर्षीच्या दिवाळीतच कागद बाहेर काढा, आणि सुरुवात नावापासून करा. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा आणि स्पेलिंगही कधी कधी वेगळंच. दहावीपासून डिग्रीपर्यंतचे सगळे कागद पासपोर्टशेजारी मांडून अक्षर न् अक्षर ताडून पाहा. फरक निघाला तर दुरुस्ती किंवा प्रतिज्ञापत्र लगेच करून घ्या. नोव्हेंबर २०२२पासून आपल्या बहुतेक विद्यार्थ्यांना स्टुडंट व्हिसासाठी एपीएस, म्हणजे शैक्षणिक कागद तपासणाऱ्या जर्मन केंद्राचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते याच कागदांच्या पडताळणीवर मिळतं. ट्रान्स्क्रिप्टच्या दोन-चार प्रती जास्तच काढा.

पैशांबद्दल आईवडिलांशी मोकळेपणी बोला. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो आधीच भरावे लागतात. ती फी नव्हे, तिथे दरमहा ९९२ युरोप्रमाणे आपल्यालाच परत मिळणारा खर्चाचा पैसा. पण रक्कम एकरकमी उभी करायची असते, म्हणून कर्जमंजुरी व्हिसाच्या तारखेच्या बरीच आधी हवी. ‘जर्मनीत शिक्षण फुकट’ हेही सरसकट खरं नाही: बाडेन-वुर्टेंबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती खोलीची. मुलं बॅगेत काय भरायचं यावर महिना घालवतात आणि खोलीचं ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणतात. ॲडमिशनचं पत्र आलं की त्याच दिवशी श्टुडिरेंडनवेर्कच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सोयी पाहणाऱ्या स्थानिक संस्थेच्या, होस्टेलला अर्ज टाका. मोठ्या शहरांत प्रतीक्षायादी लांबलचक असते. ‘मी परदेशात आहे, डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरिअर करतो’ म्हणणाऱ्याला एक युरोही देऊ नका. घरमालकाला पहिला प्रश्न विचारायचा तो आनमेल्डुंगचा, म्हणजे या पत्त्यावर सरकारी नोंदणी होईल ना? राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत ती करायची असते आणि त्यासाठी मालकाच्या सहीचा फॉर्म लागतो. ती अडली की टॅक्स नंबर आणि रेसिडेन्स परमिटही अडकतं. टपालपेटीवर स्वतःचं नाव चिकटवा. बँकेचा पिन, विम्याचं कार्ड सगळं पोस्टानं येतं, आणि पेटीवर नाव नसेल तर पत्र परत जातं.

बॅगेचं थोडक्यात: तूप, पेढे, खवा नको, दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत. मेतकूट, गोडा मसाला, छोटा कुकर, चष्म्याची जादा जोडी घ्या. दातांची कामं इथेच उरकून जा. जाड जॅकेट तिथे घ्या. शनिवारी रात्री पोहोचणारं विमान टाळा, रविवारी दुकानं बंद असतात.

अभ्यासाची पद्धत मात्र जाण्याआधीच समजून घ्या. तिथे १.० सर्वोत्तम, ४.० म्हणजे जेमतेम पास. बऱ्याच विषयांत सेमिस्टरचे सगळे गुण शेवटच्या एकाच परीक्षेवर ठरतात. लेक्चरला बसलात म्हणून परीक्षेला नाव लागत नाही, त्याची नोंदणी वेगळी आणि ठरलेल्या मुदतीतच. सक्तीच्या विषयात साधारण तीनच संधी असतात. त्या संपल्या की तो कोर्सच सोडावा लागतो. म्हणून कोर्सची प्रुफुंग्सऑर्डनुंग, म्हणजे परीक्षा-नियमावली, डाउनलोड करून वाचून काढा. वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करायची मुभा आहे, तरी पहिल्या सेमिस्टरला नोकरी न धरणंच बरं. कोर्स इंग्रजीत असला तरी डॉक्टर, घरमालक आणि कचेऱ्या जर्मनच बोलतात, तेव्हा निदान ए-२, म्हणजे रोजच्या साध्या बोलण्यापुरती जर्मन, इथूनच शिकून जा.

ऑक्टोबरअखेर घड्याळं मागे जातात आणि घराशी साडेतीन तासांचा फरक साडेचारचा होतो. फोनची वेळ आधीच ठरवा, नाहीतर आई मध्यरात्रीपर्यंत जागी राहते. डिसेंबरात चार-साडेचारलाच अंधार पडतो, तेव्हा दुपारी तासभर तरी बाहेर पडा. आठवड्यातून एकदा कुणासोबत तरी स्वयंपाक करा. झोप उडाली, लेक्चरला जावंसंच वाटेना, तर परीक्षेपर्यंत थांबू नका. श्टुडिरेंडनवेर्कच्या समुपदेशकाची वेळ घ्या. बहुतेक ठिकाणी त्याचे पैसे पडत नाहीत आणि अनेक शहरांत इंग्रजीतही बोलता येतं.