म्युझिक व्हिडिओचे दर कसे ठरवावेत?

कॅमेरा, एडिटिंगची सोय आणि दाखवण्याजोगी दोन-तीन कामे हाताशी आहेत, असे येथे गृहीत धरले आहे. ‘सुरुवातीला फुकट करा, नाव झाले की पैसे आपोआप येतात’ हा सल्ला पुण्यात वाटेल तेथे ऐकायला मिळतो. प्रत्यक्षात फुकट काम करणाऱ्याचे नाव फुकट काम करणारा म्हणूनच होते आणि त्याच गायकाकडे पुढच्या गाण्यासाठी पैसे आले की तो ते दुसऱ्याकडे घेऊन जातो. नमुन्यासाठी व्हिडिओ करायचाच असेल, तर गाणे आपण निवडावे आणि वेळही आपल्या सोयीची ठेवावी.

‘एका गाण्याचे किती घेता?’ या प्रश्नाला फोनवर आकडा सांगू नये. गाण्याची लांबी, लिपसिंक (गाण्यावर ओठ हलवणे) आहे की नाही, कलाकार किती, लोकेशन कोणते आणि गाणे कधी प्रदर्शित करायचे आहे, एवढे विचारून घ्यावे.

त्यानंतर आपल्या एका दिवसाचा दर काढावा. बाजारात काय भाव चालू आहे हे विचारत फिरण्यात अर्थ नाही, कारण घरचा कॅमेरा असलेल्या हौशी मुलाचा दर आणि भाड्याच्या घरात राहून याच कामावर पोट भरणाऱ्याचा दर एक असू शकत नाही. समजा, महिन्याला 40,000 रुपये घरखर्च आहे, म्हणजे वर्षाला 4,80,000. कॅमेरा-लेन्सची झीज 60,000 आणि हार्ड डिस्क, सॉफ्टवेअर, प्रवास मिळून आणखी 60,000 धरले, तर वर्षाची गरज 6,00,000 होते. या रकमेला 365 ने भागणारे पुष्कळ असतात. भेटीगाठी, पैशांचा तगादा आणि पावसाळ्यातले रिकामे आठवडे वगळले, तर ज्यांचे पैसे मिळतात असे दिवस सुरुवातीला 120 धरले तरी पुष्कळ झाले. म्हणजे दिवसाचा दर 5,000 रुपये. यात बचत नाही आणि प्राप्तिकरही नाही, त्यामुळे या आकड्याच्या खाली उतरू नये.

खरी कसोटी यापुढे आहे, आणि मला स्वतःला सर्वाधिक त्रास याच टप्प्यावर झाला. ‘एक दिवसाचे तर शूट आहे’ असे समोरचा म्हणतो आणि नवा माणूस एका दिवसाचे पैसे सांगून मोकळा होतो. शूटचा दिवस हा कामाचा लहानसा भाग असतो. गाणे ऐकून कल्पना लिहिणे आणि रेकी (लोकेशन आधी पाहून येणे) यांचे दोन दिवस, शूटचा एक, एडिटचे चार, रंगसंस्काराचा (कलर ग्रेडिंगचा) एक आणि बदलांचा एक, असे साध्या गाण्याचेही नऊ दिवस होतात. म्हणजे 45,000 रुपये, आणि यात लाइटचे भाडे किंवा जेवण धरलेले नाही. शिवाय गायकाला स्लो मोशन हवेच असते. ओठ गाण्याशी जुळलेले दिसायला हवे असतील, तर सेकंदाला 25 ऐवजी 50 फ्रेमने चित्रण करून सेटवर गाणे दुप्पट वेगाने वाजवावे लागते. त्या वेगात गायकाची जीभ अडखळते, त्याला हसू येते, तो पुन्हा सुरुवात करतो आणि एका कडव्यात दुपार सरते. असे शॉट मागितले गेले, तर शूटचा अर्धा दिवस वाढवूनच हिशेब मांडावा. तीच गोष्ट रील्ससाठी मागितल्या जाणाऱ्या उभ्या व्हिडिओची. ‘त्यातूनच जरा कापून द्या’ असे सांगितले जाते, पण आडव्या चौकटीतली दोन माणसे उभ्या चौकटीत मावत नाहीत आणि प्रत्येक शॉट नव्याने बसवावा लागतो. त्याचे पैसे वेगळे लावावेत, याबाबत माझे मत ठाम आहे.

बदल किती करून देणार, हेही कोटेशनमध्येच लिहावे. दोन फेऱ्या पुरेशा असतात, आणि प्रत्येक फेरीतले सर्व बदल एकाच वेळी, लेखी आले पाहिजेत. अन्यथा आज गायक, उद्या त्याचा भाऊ आणि परवा पैसे लावणारे काका, असे मत येत राहते. तिसऱ्या फेरीपासून दिवसाचा दर लागू करावा.

मानधन आणि खर्च कधीही एका आकड्यात मिसळू नयेत. लाइट, मेकअप, गाडी, जेवण, लोकेशनचे भाडे यांची यादी वेगळी द्यावी आणि शक्य तेथे ते पैसे गिऱ्हाइकालाच त्या त्या ठिकाणी थेट भरायला सांगावेत. अन्यथा ती रक्कमही आपल्या बिलात येऊन आपली उलाढाल म्हणून मोजली जाण्याची शक्यता असते, आणि सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला 20 लाखांची आहे. शनिवारवाडा किंवा आगाखान पॅलेस मनात असेल, तर ही पुरातत्त्व खात्याची संरक्षित स्मारके असल्याने परवानगीचा वेळ आणि शुल्क धरावे. ड्रोनचा शॉट कबूल करण्याआधी ‘डिजिटल स्काय’ या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहावा. लोहगावला हवाई दलाचा तळ आणि विमानतळ आहे, खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी (एनडीए) आहे. आषाढात ताम्हिणी घाटात शूट ठेवायचे असेल, तर पावसाने रद्द झालेल्या दिवसाचे निम्मे मानधन आणि युनिटचे पूर्ण पैसे द्यावे लागतील, असे आधीच लिहून घ्यावे. गणपतीची गाणी ऐन वेळी येतात. त्यांना घाईचा जादा दर लावण्यात संकोच नसावा.

खर्चाची पूर्ण रक्कम आणि निम्मे मानधन शूटआधी घ्यावे, आणि उरलेले मिळेपर्यंत वॉटरमार्क असलेलीच फाइल पाठवावी.

हक्कांबाबत दोन ओळी लिहायला विसरू नये. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल, तर मोबदला देऊन व्हिडिओ करवून घेणारी व्यक्ती त्याची पहिली मालक ठरते. म्हणून व्हिडिओ आपल्या कामाच्या नमुन्यांत दाखवण्याची मुभा आणि न वापरलेले फुटेज द्यायचे की नाही, हे करारात स्पष्ट असावे.

घासाघीस होणारच. अशा वेळी दर कमी न करता काम कमी करावे: दोनऐवजी एक लोकेशन, नाचाऐवजी साधे कथानक, उभा व्हिडिओ रद्द. नवे कोटेशन लेखी पाठवावे आणि त्यावर पंधरा दिवसांची मुदत घालावी, कारण लाइटचे आणि गाडीचे भाडे लग्नसराईत बदलते.