सिम रेसिंगमध्ये डाव्या पायाने ब्रेक लावायला कसे शिकावे

सिम रेसिंग म्हणजे स्टिअरिंग आणि पेडल जोडून संगणकावर खेळायची गाड्यांची शर्यत. आधी गाडी बघा. हाताने गिअर टाकायचे आणि पायाने क्लच दाबायचा असेल, तर ब्रेक उजव्या पायानेच लावा. गिअर उतरवताना डावा पाय क्लचवर असतो आणि उजव्या पायाला ब्रेक धरूनच थ्रॉटलला (अ‍ॅक्सिलरेटरला) टोला द्यावा लागतो. यालाच हील अँड टो म्हणतात. पॅडल शिफ्टच्या, म्हणजे स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी गिअर बदलायच्या गाडीत हा अडसर नाही. फॉर्म्युला वनच्या गाडीत दोनच पेडल असतात, आणि ब्रेक डाव्या पायाखाली असतो.

फायदा हिशेबात दिसतो. ताशी 200 किमी वेगाने गाडी सेकंदाला सुमारे 55 मीटर धावते. थ्रॉटलवरून ब्रेकवर पाय न्यायला 0.2 सेकंद लागले, तर 11 मीटर ना वेग वाढला ना ब्रेक लागला.

बैठक. ब्रेक पेडल डाव्या पायासमोर सरळ रेषेत आणा. टाच जमिनीला टेकलेली हवी. जोर लावल्यावर खुर्ची मागे सरकत असेल तर पुढचा सगळा सराव वाया जाईल. खुर्चीची चाके काढा किंवा अडवा.

कॅलिब्रेशन. साधे पेडल किती सरकले ते मोजते, लोड सेल किती जोर पडला ते. जोर पायाच्या लक्षात लवकर राहतो, म्हणून जमल्यास लोड सेलच घ्या. न दमता पुन्हा पुन्हा लावता येईल तेवढ्या जोराला 100 टक्के ठरवा. पाय नुसता टेकल्याने ब्रेक लागत असेल, तर 2 ते 3 टक्के डेडझोन (सुरुवातीचा दाब न मोजणारा भाग) ठेवा.

सराव. एबीएस (ब्रेक लावताना चाके लॉक होऊ न देणारी यंत्रणा) बंद करा. सरळ पट्ट्यावर ताशी 150 किमीवरून थांबा: आधी 30 टक्क्यांवर स्थिर धरून, मग 50, मग 70. पेडलचा आलेख स्क्रीनवर असू द्या. सुरुवातीला रेघ थरथरते किंवा एकदम 100 ला जाते, कारण क्लचची सवय असलेल्या पायाला पेडल तळापर्यंत दाबणेच ठाऊक असते.

खरी मेहनत पुढे आहे, आणि ती ब्रेक सोडण्याची. डाउनफोर्सच्या, म्हणजे हवेच्या दाबाने रस्त्याला चिकटणाऱ्या गाडीत पहिला दाब सर्वात जोरदार हवा. वेग उतरतो तसा डाउनफोर्स घटतो, म्हणून दाबही उतरवत न्यायचा, नाहीतर चाके लॉक होतात, म्हणजे फिरायची थांबून घसरतात. वळणात शिरताना स्टिअरिंग जितके वळेल तितका ब्रेक सुटत गेला पाहिजे. पाय झटक्यात उचलला तर पुढच्या चाकांवरचा भार निघून जातो आणि गाडी वळणाबाहेर सरकते. एकच संथ वळण निवडून, शेवटचे 20 टक्के सावकाश सोडणे एवढेच घोटत राहा. लॅप टाइम सध्या बघूच नका.

तपासणी. टेलिमेट्रीत (गाडीच्या नोंदींच्या आलेखात) थ्रॉटल उघडा असताना ब्रेकची बारीक रेघ दिसली, तर पाय पेडलवर विसावतोय. सरळ पट्ट्यावरचा वेग त्यातच जातो आणि ब्रेक तापतात.

फ्रंट व्हील ड्राइव्ह (इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना मिळणाऱ्या) रॅली गाडीत मात्र दोन्ही पेडल मुद्दाम एकत्र दाबतात. 1960 च्या दशकात मिनी कूपर चालवणाऱ्या फिनिश चालकांनी हे तंत्र गाजवले. थ्रॉटलमुळे पुढची चाके फिरत राहतात, ब्रेकचा परिणाम मागच्या चाकांवर जास्त होतो आणि गाडीचे नाक आत वळते. यासाठी थ्रॉटल न सोडता 10 ते 20 टक्के ब्रेकपासून सुरुवात करा. मागचा भाग एकदम सुटू लागला तर ब्रेक हलका करा, थ्रॉटल तसाच ठेवा.