नायट्रो ट्रकचे इंजिन रुसले तर काय तपासावे आणि कोणत्या क्रमाने

नायट्रो इंधनावर चालणारा रेडिओ-नियंत्रित ट्रक सुरू होईना, मध्येच बंद पडू लागला किंवा थ्रॉटल दिल्यावर गुदमरू लागला, की बहुतेकांचा हात आधी कार्ब्युरेटरच्या नीडलकडे, म्हणजे इंधनाचे प्रमाण ठरवणाऱ्या स्क्रूकडे जातो. ही सवय मोडावी, असे माझे ठाम मत आहे. नीडल तपासणीच्या क्रमात शेवटी येते. प्लग, इंधन किंवा एखादी फुटकी नळी यांत दोष असताना नीडल फिरवली, तर मूळ दोष जागेवरच राहतो आणि बरोबर असलेली मांडणी मात्र बिघडते.

यामागचे कारण इंजिनाच्या रचनेत आहे. हे छोटे टू-स्ट्रोक इंजिन असते आणि त्यात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचे मिश्रण हे त्याचे इंधन. ग्लो प्लगमधील प्लॅटिनमयुक्त तार सुरुवातीला सुमारे दीड व्होल्टच्या इग्नायटरने तापवावी लागते; पुढे मिथेनॉलची प्लॅटिनमशी होणारी प्रक्रिया आणि ज्वलनाची उष्णता तिला तापलेली ठेवतात. इंजिनाला वंगण मिळते तेही इंधनातल्या तेलातूनच. म्हणून इंधन कमी पडले, म्हणजे हवा-इंधनाचे मिश्रण ‘लीन’ झाले, तर इंजिन तापते आणि त्याच वेळी कोरडेही पडते. ‘रिच’, म्हणजे जादा इंधनाच्या मिश्रणाने इंजिन मंद चालते, धूर ओकते, पण सहसा मरत नाही. शंका असेल तेव्हा रिच बाजूला राहावे.

काम सुरू करण्यापूर्वी सुरक्षिततेचे पाहावे. मिथेनॉल विषारी असून त्वचेतूनही शरीरात जाते, आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. हातमोजे आणि चष्मा घालावा, इंजिन बंद खोलीत किंवा गॅलरीत चालवू नये आणि लहान मुलांना इंधनाच्या डब्यापासून दूर ठेवावे. ट्रान्समीटर आधी आणि ट्रकचा रिसीव्हर नंतर सुरू करावा, म्हणजे थ्रॉटल आपोआप उघडून ट्रक सुटण्याचा धोका राहत नाही.

पहिली पायरी इंधनाची. मिथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते. इंदुरात जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत झाकण सैल राहिलेल्या डब्यातले इंधन नंतर कितीही चांगले दिसले तरी त्यावर विश्वास ठेवू नये. सीलबंद डब्यातले ताजे इंधन भरून पाहावे. मग टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतची नळी बोटांनी चाचपावी. ती कडक झाली असेल, कुठे चिरली असेल किंवा दुमडली असेल, तर बदलावी. सायलेन्सरपासून टाकीकडे जाणारी दुसरी नळी अनेकांच्या लक्षातच येत नाही. तिच्यातून येणाऱ्या दाबामुळे इंधन पुढे ढकलले जाते. ती निसटली किंवा टाकीच्या झाकणाचे रबर झिजले, की टाकी भरलेली असताना ट्रक नीट धावतो आणि अर्धी झाली की लीन होऊन बंद पडतो. टाकी गळते का, हे पाहण्यासाठी ती रिकामी करून पाण्यात बुडवावी, एक तोंड बंद करून दुसऱ्यातून सिरिंजने हवा सोडावी आणि बुडबुडे शोधावेत. नळीत तोंडाने फुंकू नये.

दुसरी पायरी प्लगची. प्लग काढून सावलीत इग्नायटरला लावावा. तार लख्ख नारिंगी दिसली पाहिजे. ती मंद दिसली तर आधी इग्नायटर पूर्ण चार्ज करून पुन्हा पाहावे, कारण अर्ध्या चार्जचा इग्नायटर चांगल्या प्लगलाही बदनाम करतो. तार तुटलेली, वाकडी किंवा पांढुरकी, खरखरीत झालेली असेल, तर इंजिन लीन चालले असण्याची शक्यता मोठी. इग्नायटर लावलेला असेपर्यंत इंजिन चालते आणि काढताच थांबते, अशी तक्रार असेल तर तिचे मूळ बहुधा प्लगमध्येच असते. नसल्यास मंद गतीचे मिश्रण फार रिच आहे. एक नवा प्लग नेहमी सोबत असावा. तो लावून पाहणे हीच सर्वांत जलद परीक्षा.

स्टार्टरची दोरी अडकली असेल, तर ती जोराने ओढू नये. सिलिंडरमध्ये जादा इंधन साचून पिस्टन अडला असण्याचा संभव असतो, आणि तशा स्थितीत जोर लावल्यास दोरी किंवा कनेक्टिंग रॉड तुटतो. इग्नायटर दूर ठेवून प्लग काढावा, ट्रक उलटा करून छिद्रावर जाड फडके धरावे आणि दोरी हळूहळू ओढून इंधन बाहेर काढावे. नवे इंजिन मात्र पिस्टन वरच्या टोकाला पोहोचला की स्वभावतःच घट्ट होते, कारण या इंजिनांचा सिलिंडर वरच्या बाजूला किंचित निमुळता असतो. डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात इंदुरात सकाळी ट्रक बाहेर काढला की हे प्रकर्षाने जाणवते. हेअर ड्रायरने इंजिनाचा माथा कोमट करून मग सुरू करावे.

तिसरी पायरी हवेची, आणि माळव्यात, म्हणजे इंदूरच्या परिसरात, हिच्याकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे लागते. पिके निघाल्यावर इथल्या काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक होते. ती फोमच्या फिल्टरमधून आत गेली तर पिस्टन आणि सिलिंडर झपाट्याने झिजतात. फिल्टर प्रत्येक फेरीनंतर पाहावा, धुऊन पूर्ण वाळवावा आणि फिल्टरचे तेल लावून, पिळून बसवावा. तो चोंदला असेल तर मिश्रण रिच होते, आणि ते पाहून नीडल आवळून इंधन कमी केले, तर स्वच्छ फिल्टर बसवताच इंजिन लीन होते. हवा नको तिथूनही आत शिरते: कार्ब्युरेटरचा बुंधा आणि इंजिनाची मागची झाकणी या दोन जागा तपासाव्यात. थ्रॉटल सोडल्यावर आवाज लगेच खाली न येता वरच रेंगाळत असेल, तर आधी या गळतीचा संशय घ्यावा.

एवढे सारे ठीक असेल, तरच नीडलला हात लावावा. वेगाची आणि मंद गतीची अशा दोन्ही नीडल उत्पादकाच्या पुस्तिकेतल्या मूळ स्थितीवर आणून इंजिन पूर्ण गरम होऊ द्यावे. घड्याळाच्या दिशेने फिरवल्यास मिश्रण लीन होते, उलट दिशेने रिच. एका वेळी 1/8 फेऱ्याहून जास्त फिरवू नये आणि प्रत्येक बदलानंतर ट्रक थोडा पळवून मगच निष्कर्ष काढावा. आधी वेगाची नीडल लावावी. ट्रक पूर्ण वेगात जाताना एक्झॉस्टमधून निळसर-पांढऱ्या धुराची बारीक रेघ दिसलीच पाहिजे. इन्फ्रारेड थर्मामीटरने प्लगजवळचे तापमान साधारण 95 ते 125 अंश सेल्सियसच्या दरम्यान असावे. 130 ओलांडले तर ट्रक थांबवून मिश्रण रिच करावे. थर्मामीटर नसेल तर माथ्यावर पाण्याचा थेंब टाकावा: तो तीन-चार सेकंदांत चुरचुरत उडाला तर ठीक, क्षणात उडाला तर इंजिन जास्त तापले आहे.

मग मंद गतीची नीडल. इंजिन गरम असताना, मंद गतीवर, कार्ब्युरेटरजवळ इंधनाची नळी दाबून धरावी. दोन ते चार सेकंद चालून, गती किंचित वाढून ते बंद पडले, तर नीडल बरोबर आहे. लगेच बंद पडले तर लीन, बराच वेळ चालून आवाज खूप वाढला तर रिच. थ्रॉटल देताच ट्रक भरपूर धूर सोडून अडखळत असेल, तर हीच नीडल रिच आहे. धूर न सोडता दचकून थांबत असेल, तर लीन.

इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंचीवर आहे. इथली हवा मुंबईपेक्षा विरळ असल्याने मुंबईच्या मित्राने सांगितलेली मांडणी इथे थोडी रिच ठरते, आणि मे महिन्यात पारा 40 च्या वर गेला की अधिकच. धोका मात्र उलट दिशेला आहे. उन्हाळ्यात लीन केलेले इंजिन त्याच मांडणीवर थंडीत पहाटे चालवले, तर दाट हवेमुळे मिश्रण आणखी लीन होते आणि इंजिन जळू शकते. हिवाळ्यात पहिल्या फेरीपूर्वी वेगाची नीडल थोडी उघडून सुरुवात करावी आणि ऋतूनुसार मांडणी वहीत टिपून ठेवावी.

खेळ संपल्यावर टाकी रिकामी करावी, इंजिन उरलेले इंधन संपेपर्यंत चालवावे आणि प्लगच्या छिद्रातून आफ्टर-रन तेलाचे (गंज रोखणाऱ्या तेलाचे) काही थेंब सोडून ते चार-सहा वेळा फिरवावे. पावसाळ्यात एवढे केले नाही, तर बेअरिंग गंजतात. ठेवताना पिस्टन खालच्या टोकाला असावा.

सर्व पायऱ्या पाळूनही इंजिन गरम झाल्यावर बंद पडते आणि थंड झाल्याशिवाय सुरू होत नाही, असे वारंवार घडत असेल, तर थंड इंजिनाचे फ्लायव्हील बोटाने फिरवून पाहावे. वरच्या टोकाला अजिबात अडथळा जाणवला नाही, तर पिस्टन आणि सिलिंडर झिजले आहेत. हा जोड एकत्रच बदलावा आणि नव्या जोडासाठी सुरुवातीच्या काही टाक्या पुस्तिकेप्रमाणे रिच मिश्रणावर, कमी थ्रॉटलने चालवाव्यात.