आम्लीकरणाचा कायदा शोधू नका, सापडणार नाही

लॉ झाल्यावर मी पर्यावरणाच्या कामात शिरले आणि पहिलंच काम आलं ते समुद्राच्या आम्लीकरणावर, म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून समुद्राचं पाणी आम्लाकडे सरकतंय यावर, नोट लिहायचं. मला वाटलं सोपंय, कायदा शोधायचा, कलमं वाचायची, चार पानं खरडायची. तीन आठवडे शोधत बसले. ओझोनसाठी मॉन्ट्रियल प्रोटोकॉल आहे, पाऱ्यासाठी मिनामाता करार आहे, मग याच्यासाठीपण काहीतरी असणारच ना? नाहीये. फक्त आम्लीकरणासाठी केलेला असा एकही जागतिक करार नाही. हे मला कुणी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून तुम्हाला आधीच सांगतेय.

त्याच नोटमध्ये मी ठोकून दिलं होतं की "समुद्र आम्लधर्मी झाला आहे". रिव्ह्यूला एक केमिस्ट्रीवाल्या सीनियर मॅडम होत्या, त्यांनी शांतपणे विचारलं, पीएच किती आहे गं समुद्राचा? म्हटलं ८.१. मग तो ७ च्या वर की खाली? तेव्हा ट्यूब पेटली, ७ च्या खाली आम्ल, वर अल्क. समुद्र अजूनही अल्कधर्मीच आहे, फक्त आम्लाच्या दिशेने सरकतोय. औद्योगिक काळाच्या आधी सरासरी साधारण ८.२ होता, आता ८.१. ऐकायला ०.१ म्हणजे काहीच नाही वाटतं पण पीएचची मोजपट्टी लॉगॅरिदमिक असते, एक अंक म्हणजे दहापट फरक, त्यामुळे हायड्रोजन आयन जवळपास २६ ते ३० टक्क्यांनी वाढलेत. हे एवढं घोटून घ्या, कारण समोरच्या वकिलाने अशी एक चूक पकडली की तुमची बाकीची पन्नास पानं कुणी वाचत नाही.

आता कायदा कुठेय? तुकड्यातुकड्यात आहे. सुरुवात १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा करारापासून करा, आणि थेट कलम १ मधली प्रदूषणाची व्याख्या वाचा, कंटाळा आला तरी. माणसाने प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे समुद्रात सोडलेला पदार्थ किंवा ऊर्जा, ज्यामुळे अपाय होतो किंवा होण्याची शक्यता आहे, ते प्रदूषण. त्यात कार्बन डायऑक्साइडचं नाव कुठेच नाही. पण माणसाने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण पाव हिस्सा समुद्रात विरघळतो, मग तो या व्याख्येत बसतो की नाही? यावर वर्षानुवर्षं वाद चालला, शेवटी छोट्या बेटदेशांच्या आयोगाने हॅम्बर्गच्या सागरी कायदा न्यायाधिकरणाला विचारलं आणि २१ मे २०२४ ला उत्तर आलं की हो, बसतो. वर हेही सांगितलं की नुसता पॅरिस करार पाळला म्हणजे इथली जबाबदारी आपोआप संपली असं नाही. हे मत सल्लागारी आहे, बंधनकारक निकाल नाही, हा फरक विसरू नका. पण युक्तिवादात त्याचं वजन भरपूर आहे.

पॅरिस करारात तापमानाचे आकडे आहेत, पीएचचा एकही नाही. नवीन लोकांना वाटतं त्याने काय फरक पडतो, शेवटी कारण तर एकच ना? पडतो. समजा उद्या कुणी सूर्यप्रकाश अडवून पृथ्वी थंड करायची टूम काढली, तर तापमान खाली येईल पण कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतच राहील.

संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास ध्येयांमधलं १४.३ आणि २०२२ च्या जागतिक जैवविविधता आराखड्यातलं आठवं उद्दिष्ट, दोन्हींत आम्लीकरणाचा उल्लेख आहे. वाचून ठेवा, अर्ध्या तासात होतं. त्यांचा आधार घेऊन कोर्टात जाता येत नाही, पण सरकारी मीटिंगमध्ये उपयोगी पडतात.

खरी मजा देशांतर्गत कायद्यात आहे, आणि त्यासाठी मी सगळ्यांना अमेरिकेचं उदाहरण वाचायला लावते. २००७ च्या सुमारास तिथल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या हॅचरींमध्ये, म्हणजे पिल्लं वाढवायच्या केंद्रांमध्ये, ऑयस्टरची (कालवांची) पिल्लं मरायला लागली, शिंपला धरायच्या आधीच. खोल समुद्रातलं कार्बन डायऑक्साइडने भरलेलं पाणी वर येत होतं. २००९ मध्ये फेडरल सरकारने संशोधन आणि देखरेखीसाठी कायदा केला, ते ठीक, पण त्याच वर्षी एका पर्यावरण संस्थेने जुना क्लीन वॉटर अ‍ॅक्ट काढला आणि केंद्रीय पर्यावरण एजन्सीवर दावा लावला की वॉशिंग्टन राज्याचं हे पाणी दूषित म्हणून यादीत का नाही? तडजोड झाली आणि नोव्हेंबर २०१० मध्ये एजन्सीने राज्यांना कळवलं की आम्लीकरणामुळे बिघडलेलं पाणीही यादीत घ्या. पण निकष होता १९७६ चा, पीएच नैसर्गिक चढउताराच्या पलीकडे ०.२ पेक्षा जास्त हलता कामा नये. किनाऱ्यालगत पीएच दिवस-रात्रीतसुद्धा वरखाली होतो, मग नैसर्गिक कुठे संपलं आणि माणसाचं कुठे सुरू झालं हे सिद्ध कसं करणार? वर्षानुवर्षांचा डेटा लागतो आणि तो बऱ्याच ठिकाणी नसतोच. माझ्या मते या फील्डमधली निम्मी भांडणं कायद्याची नाहीत, बेसलाइनची आहेत.

वॉशिंग्टन राज्याच्याच २०१२ च्या तज्ज्ञ पॅनेलने अजून एक कामाची गोष्ट पुढे आणली, की सांडपाणी आणि खतांमुळे शेवाळं वाढतं, ते कुजताना कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि तिथलं पाणी अजून आम्लाकडे झुकतं. म्हणजे जागतिक उत्सर्जन तुमच्या हातात नसलं तरी नाल्याचं परमिट असू शकतं.

नोकरी शोधताना "आम्लीकरण" टाइप करून काही मिळणार नाही. मत्स्यव्यवसाय, जलगुणवत्ता, हवामान धोरण या नावांखाली शोधा. आणि शक्य असेल तर एक टर्म केमिस्ट्रीवाल्यांसोबत काढा, निदान अ‍ॅरागोनाइट सॅच्युरेशन (शिंपले ज्या खनिजाचे बनतात ते पाण्यात टिकेल की विरघळेल याचं माप) म्हणजे काय हे ग्राफ बघून सांगता आलं पाहिजे, शिंपल्यांच्या प्रकरणात पीएचपेक्षा तेच जास्त विचारलं जातं.

सध्या माझ्याकडे येतात त्या फायली समुद्रात अल्कली पदार्थ मिसळून कार्बन शोषून घ्यायच्या प्रयोगांच्या. आम्लीकरणावर औषध की समुद्रात टाकलेला कचरा? समुद्रात कचरा टाकण्यावर बंधनं घालणाऱ्या लंडन प्रोटोकॉल या आंतरराष्ट्रीय करारात अशा प्रकारांसाठी २०१३ ला दुरुस्ती झाली, पण पुरेशा देशांनी स्वीकारली नसल्याने ती अजून लागू नाही. त्यामुळे अशी फाइल आली की मी आधी कलमं उघडतच नाही, पदार्थ कुठला, किती टन आणि कुणाच्या पाण्यात एवढं विचारते, आणि बऱ्याचदा तिसऱ्या प्रश्नावरच फाइल परत जाते.